पाहुणी येणार म्हणून साफ केलेली जागा

स्टॅपली गावच्या क्रिकेट मैदानाचं गवत क्लाइव्ह टॉलीने एकतीस वर्षं राखलं. एक पट्टा फिका, एक गडद, आणि कडा अशा सरळ की गवंड्याने दोरी धरून आखाव्यात. एकदा एका कुत्र्याने ऐन खेळपट्टीवर खड्डा उकरला, तर क्लाइव्हने वर्षभर त्या कुत्र्याशी अबोला धरला. मालकाशी बोलायचा, कुत्र्याशी नाही. इंग्लंडातल्या वूस्टर परगण्यातल्या सगळ्यात नेटक्या गावाची पाटी स्टॅपलीला तीनदा मिळाली ती याच माणसाच्या जिवावर. बाकी तसा अबोल, चहात तीन चमचे साखर घेणारा, आणि घरी बायकोपुढे अगदी गरीब गाय.

बायको अ‍ॅव्हरिल. शाळेच्या मुदपाकखान्यात मोठमोठी पातेली ढवळून तिच्या हातांत बळ आलं होतं. जिभेची धार मात्र उपजत. सत्तरीला टेकली आणि कंपवाताने धरलं. आधी हातातला कप डुचमळायला लागला, मग जिना जमेना. राहतं घर भाड्याचं, खाली दोन खोल्या, वर दोन, न्हाणीघर वरती, आणि मध्ये शिडी म्हणावी असा जिना. जिन्याला सरकती खुर्ची बसवणारा माणूस येऊन मापं घेऊन गेला आणि जागा पुरत नाही म्हणाला. ती दोनदा पडली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की तळमजल्यावर राहायची सोय होत नसेल तर आता शुश्रूषागृह बघावं लागेल. सगळ्यात जवळचं सव्वीस मैलांवर होतं.

"मला तिथं टाकलंस ना," अ‍ॅव्हरिल म्हणाली, "तर मेल्यावर परत येईन आणि रोज रात्री तुझी खेळपट्टी उकरीन."

पन्नास वर्षं एका छपराखाली काढलेली माणसं. क्लाइव्हला तिच्याशिवाय अंडं उकडता येत नव्हतं, आणि हे तो स्वतःच सांगायचा.

रस्त्यापलीकडे अर्ध्या एकराचा तुकडा होता, क्लाइव्हच्या आत्याने त्याच्या नावे ठेवलेला. तेवढीच काय ती त्यांची इस्टेट. दोघांनी ठरवलं की तिथं दोन बैठी घरं बांधायची. एक विकायचं, त्यातून दुसरं उभं करायचं. बिनजिन्याचं, चाकाची खुर्ची जाईल अशा रुंद दारांचं. गावातल्या नकाशेवाल्याकडून कच्चा नकाशाही काढून घेतला. तो अ‍ॅव्हरिलने उशाशी ठेवला, आणि आल्यागेल्याला आपला पलंग कुठे असेल ते थरथरत्या बोटाने दाखवायला लागली.

बांधकामाला परवानगी देणाऱ्या कौन्सिलच्या माणसाने फोनवर सगळं रीतसर समजावलं. हल्ली बांधकामाचा अर्ज करायचा तर आधी त्या जमिनीवर काय उगवतं, काय जगतं याची जाणकाराकडून मोजणी हवी. बांधून झाल्यावर तिथला निसर्ग होता त्याहून दहा टक्के वाढलेला दिसला पाहिजे, आणि तो तीस वर्षं टिकवायचा. क्लाइव्हने सगळं ऐकून घेतलं. त्यातलं त्याच्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की तीन आठवड्यांनी एक बाई जागा बघायला येणार आहेत.

आणि जागा तर अशी! आत्या गेल्यापासून तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. छातीएवढी काटेरी ब्लॅकबेरीची जाळी, खाजकुयली बरी म्हणावी असली खाजरी झुडपं, अर्धं आडवं झालेलं सफरचंदाचं झाड, आणि खालच्या कोपऱ्यात एक पाणथळ खळगा, वसंतात बेडकांनी भरलेला. क्लाइव्हला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या बाईला हे दाखवायचं? त्याची आई डॉक्टर यायचा असला की पोर तापाने फणफणत असलं तरी आधी उंबरा घासायची. या मुलखात रीतच तशी. माणूस मरायला टेकला तरी चालेल, पण येणाऱ्याला पसारा दिसता कामा नये.

"तो खळगा आधी बुजव," अ‍ॅव्हरिलनेही सांगितलं. "बाई बिचारी घोट्यापर्यंत रुतायची."

तीन आठवडे चौऱ्याहत्तर वर्षांचा हा गडी राबला. जाळी कापली, ढीग करून जाळली. खळग्यात दोन ट्रॉल्या विटांचे तुकडे आणि माती ओतून वरून मैदानावरचा जुना रूळ फिरवला. कुंपणाची झुडपं पाटासारखी सपाट छाटली. सफरचंदाचं झाड पाडलं. मग सगळीकडे लॉनचं बी पेरलं. कोवळं हिरवं फुटलं तेव्हा त्याने अ‍ॅव्हरिलला चाकाच्या खुर्चीतून रस्त्यापलीकडे नेऊन दाखवलं, आणि किती वर्षांनी तिने त्याच्या कामाची तोंडभरून तारीफ केली. दोघंही त्या दिवशी फार सुखात होती.

मोजणीला आली ती बेथन प्रोसर, तिशीची, गुडघ्याएवढे बूट घातलेली वेल्श मुलगी. फाटकाशी थांबून तिने कोवळ्या लॉनवरून नजर फिरवली. मग हातातल्या टॅबवर आकाशातून काढलेला जुना फोटो उघडून तिने हळूच विचारलं, "मिस्टर टॉली, या कोपऱ्यात पाणी होतं ना?"

"होतं. बुजवलं. आता खुशाल फिरा."

"आणि ही सगळी जाळी?"

"काढली. तुम्ही येणार म्हणून."

बेथनने टॅब मिटला. पोर मनाची चांगली होती. खाली बसून तिने त्याला सगळं सांगितलं. मोजणीआधी जागा साफ केली तर आता दिसतं ते धरत नाहीत, आधी काय होतं ते धरतात. आणि ते कसल्या स्थितीत होतं हे आता कोणालाच बघता येणार नसल्यामुळे ते उत्तमच होतं असं मानायचं. लबाड बिल्डर मुद्दाम सगळं उपटून टाकतात आणि इथं काही नव्हतंच म्हणतात, म्हणून हा कायदा.

"पण मी कुठे बिल्डर आहे?"

"मला कळतंय हो. कागदावर तसा रकाना नाही."

सगळ्यात वाईट तिने शेवटी सांगितलं, आणि सांगितलं नसतं तरी चाललं असतं. जाळी तशीच असती तर तिने ती साधी काटेरी जाळी म्हणून लिहिली असती, आणि तो गाळाने भरलेला खळगा कनिष्ठ प्रतीचा म्हणून. दोन्ही भरून काढणं जमलं असतं. आता तेच कागदावर सुंदर तळं झालं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. क्लाइव्हने खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं आणि तिला चहा घेणार का विचारलं.

पुढची दीड वर्षं चौकश्यांत गेली. तळं आणि झुडपं आपल्याच तुकड्यावर परत करायची, तर नेमकी दुसऱ्या घराची जागा जाणार, आणि दुसरं घर नाही तर पहिल्याला पैसा नाही. दुसरीकडे कोणी राखलेल्या निसर्गातला हिस्सा विकत घ्यायचा, तर तळी राखणारा सगळ्यात जवळचा शेतकरी दोन परगणे पलीकडे, आणि तो मागेल तेवढ्यात घराच्या भिंती उभ्या राहिल्या असत्या. क्लाइव्ह फावडं घेऊन खळगा पुन्हा खणायला निघाला, तर बेथनने फोनवर कळवळून सांगितलं की परवानगीवाचून आता तेही करू नका. कौन्सिलमधली या कामाची एकुलती एक जाणकार बाई नोकरी सोडून गेली होती आणि तिची खुर्ची रिकामी होती. पत्राला उत्तर यायला चार-चार महिने लागायचे. एका पत्रात तळ्याची तीस वर्षं देखभाल कोण करणार ते लिहून मागितलं होतं.

"म्हणजे एकशे पाच वर्षांचा होईपर्यंत तुला मरायला रजा नाही," अ‍ॅव्हरिल म्हणाली. हसताना तिचा श्वास अडकला, आणि क्लाइव्हने तिची पाठ चोळली.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात ती तिसऱ्यांदा पडली, जिन्यातच. खुबा मोडला. इस्पितळातून तिला सरळ सव्वीस मैलांवर नेलं. सगळे म्हणाले, तात्पुरतं. क्लाइव्ह मंगळवारी आणि शुक्रवारी दोन बस बदलून जायचा. तिची वाचा आता क्षीण झाली होती, पण डोकं ताळ्यावर होतं, आणि हेच त्याला सोसवत नव्हतं. दर खेपेला ती घराचं विचारायची, आणि दर खेपेला तो सांगायचा की कागद पुढे सरकतोय.

फेब्रुवारीत कौन्सिलचं उत्तर आलं. एकच घर, खालच्या कोपऱ्यात तळं, बाकी झुडपं, आणि तीस वर्षांचा करार. क्लाइव्हने पत्र तीनदा वाचलं, आणि तीन ओळी लिहून अर्ज मागे घेतला. कोणाचा राग करावा हे त्याला कळेना. बेडकांचं भलं व्हावं यात वाईट काय होतं? ते बेडूकही त्याच्याच हाताने गाडले गेले होते.

शुक्रवारी तो शुश्रूषागृहात पोचला तेव्हा तिथल्या मुख्य बाईंनी त्याला आधी कचेरीत बोलावलं. खोली आजवर तात्पुरती होती, ती आता कायमची करायची होती. बाईंनी जिथं बोट ठेवलं तिथं त्याने सही केली आणि आत गेला. आज तिला सगळं खरं सांगायचं, असं तो बसमध्ये ठरवूनच आला होता.

अ‍ॅव्हरिल जागी होती. त्याला बघून तिने बोट हलवलं, तेव्हा तो तिच्या तोंडाजवळ कान नेऊन वाकला.

"पडदे," ती म्हणाली. "पिवळे नकोत. इथं पिवळे आहेत."

क्लाइव्हने खुर्ची ओढली आणि बसला.

"मग कुठले?"

"निळे. फिके."

"बरं," तो म्हणाला. "आणि जाड का पातळ?"

तिला झोप लागेपर्यंत तो पडद्यांचंच बोलत राहिला. मग साडेचारची बस होती.