बल्गेरियातला बाप

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. माझी मैत्रीण उषा — जिला मी सासूबद्दल नको नको ते सांगून बसले आहे — तिलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि भाजी घेताना समोर उभे राहणार नाही. म्हणजे बघा, कबुली द्यायची तीही सोय बघून. अशी मी आहे.

मोठं काही नाही, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावलं. खून नाही, चोरी नाही. एक सिनेमा होता आणि एक माईक होता, बस्स. पण मग त्याची आठवण आली की ओट्याशी उभी असताना मी एकदम भांडी का आपटायला लागते?

नव्वदच्या दशकात नाशकात आमचं एक चित्रपट मंडळ होतं. केबल घराघरांत पोचली होती, तरी दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गंगापूर रोडवरच्या एका शाळेचा हॉल घ्यायचो आणि आठवडाभर सिनेमे दाखवायचो. सकाळी मुलांचे, संध्याकाळी सहाला मोठ्यांचे — म्हणजे परदेशी. परदेशी सिनेमा थोरच असतो, हे आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं. थोर वाटला नाही तर आपल्याला कळला नाही असं समजायचं. लोक डब्यातून फराळ आणायचे, आणि पडद्यावर कोणी शेवटचे श्वास घेत असलं की नेमकी कुठूनतरी चकली मोडल्याचा आवाज यायचा.

मी तेव्हा एका विमा कचेरीत टायपिस्ट होते. मंडळाच्या फॉर्मवर ‘अवगत भाषा’ असा रकाना होता. शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यात ठसक्यात ‘फ्रेंच’ लिहिलं. मग मी काय लिहिणार — मराठी, हिंदी? मी ‘रशियन’ लिहिलं. अगदीच खोटं नव्हतं हो. पुण्याला मावशीकडे राहून मी रशियनचा वर्ग तीन आठवडे केला होता. चौथ्या आठवड्यात कांजिण्या झाल्या. माझ्या रशियनमध्ये एक पेन होतं, एक टेबल होतं आणि पेन टेबलावर होतं. त्यापुढे काही घडत नव्हतं.

त्या वर्षी शेवटच्या दिवशी बल्गेरियाचा सिनेमा होता. मुंबईहून पत्र्याच्या पेट्यांतून रिळं आली, दुपारी चारला मशीनवर लावून पाहिली, तर खाली इंग्रजी अक्षरंच नाहीत. पत्रात तर ती असतील असं लिहिलेलं. आमचे चिटणीस पिंगळे सर — रिटायर्ड भूगोल शिक्षक — डोक्याला हात लावून बसले. मग त्यांना माझा फॉर्म आठवला. मी म्हटलं, सर, मला रशियन येतं, बल्गेरियन नाही. ते म्हणाले, “अहो, मध्ये एक काळा समुद्र तर आहे. पलीकडून नुसती हाक मारली तरी ऐकू जाईल!”

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. ‘सर, मला रशियनही येत नाही’ — किती सोपं वाक्य आहे. पण डॉक्टरीणबाई तिथेच उभ्या होत्या. आणि पिंगळे सरांनी माईक माझ्या हातात दिलाही होता. कधी माईक हातात धरलाय तुम्ही? तो परत देववत नाही.

सहाला हॉल गच्च भरला. पडद्याच्या कडेला खुर्ची टाकून मी बसले आणि माझं धावतं भाषांतर सुरू झालं. पहिली पाच मिनिटं मी जपून, एकेक शब्दच बोलले. मग लक्षात आलं, की अडवणारं कोणीच नाही. बल्गेरियन येणारा माणूस नाशकात नव्हता, हे माझं भाग्य — की दुर्भाग्य? पडद्यावर म्हातारा दोन मिनिटं तावातावानं बोलला की मी म्हणायचे, “पाऊस यंदा कमी आहे.” आणि तो नुसता “हं” म्हणाला की माझी चार वाक्यं. लोकांना वाटलं, काय अर्थगर्भ भाषा आहे ही!

गोष्ट डोळ्यांना दिसत होती तेवढी अशी: एका गावात म्हातारा बाप आणि तरुण मुलगी. मुलगी एका वाजंत्रीवाल्याबरोबर निघून जाते. मध्ये बराच वेळ घोडा. मग मुलगी परत येते, कडेवर मूल. फाटकाशी उभी राहून काहीतरी विचारते. बाप तिच्याकडे बघतो, बघतो, आणि सावकाश मान वरखाली हलवतो. एकच शब्द बोलतो.

मान हलली म्हणजे ‘हो’ — याला कुठे भाषा लागते? मी माईक तोंडाजवळ घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ये. दाराला कडी लावतो ती वाऱ्यासाठी गं, तुझ्यासाठी नाही.”

हॉलमध्ये कुठेतरी हुंदका ऐकू आला. मला इतका आनंद झाला, की पुढचं बघायचं राहिलंच. बघितलं तर मुलगी पाठ फिरवून रस्त्यानं निघाली होती. आता? मी घाईनं म्हटलं, “ती स्टेशनवरून सामान घेऊन येते.” सिनेमा तिथेच संपला. टाळ्या पडल्या.

तो हुंदका आण्णांचा होता. आण्णा सटाण्याचे, कांद्याचे व्यापारी. दिवाळीला मुलाकडे गंगापूर रोडला आले होते. कानानं कमी ऐकू यायचं म्हणून पहिल्या रांगेत, माझ्या स्पीकरसमोर. सिनेमा संपल्यावर ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत आले आणि म्हणाले, “पोरी, त्या बापनं वाक्य माले लिखी दे.” मी तिकिटाच्या मागे लिहून दिलं. आणि — हे आठवलं की आजही कानशिलं तापतात — खाली बल्गेरियनमध्येही लिहून दिलं. म्हणजे उलटी-सुलटी अक्षरं काढली आणि वर दोन टिंबं दिली.

आण्णांची मुलगी शोभा. आठ वर्षांपूर्वी तिनं लष्करातल्या एका ड्रायव्हरशी लग्न केलं होतं, जातीबाहेर. आण्णांनी त्या दिवसापासून तिचं नाव टाकलं. ती राहायची कुठे, तर देवळाली कॅम्पला — मुलाच्या घरापासून बसनं तासभरही नाही. आठ वर्षांत त्या बसमध्ये ते बसले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी बसले.

हे मला पिंगळे सरांनी सांगितलं. सभेत सांगितलं, माझ्याकडे हात करून. पुढच्या वर्षी मला शाल आणि नारळ. मग प्रत्येक दिवाळीत माईक माझ्याकडेच. खाली अक्षरं असली तरी सुरुवातीला दहा मिनिटं मी बोलायचे. पेपरात माझा उल्लेख ‘परदेशी चित्रपटांच्या जाणकार’ असा आला, आणि सासूनं तो कापून शोकेसमध्ये लावला. तुम्ही असता तर काय केलं असतं? नको, सांगू नका.

दहाएक वर्षं गेली. मंडळातल्या एकांचा मुलगा युरोपात होता. तो सुट्टीत आला तेव्हा त्यानं माझ्यासाठी मुद्दाम एक डिस्क शोधून आणली. तोच सिनेमा. खाली इंग्रजी अक्षरं. एका दुपारी घरात कोणी नसताना मी तो लावला.

घोडा विकायचा होता, म्हणून मध्ये इतका वेळ घोडा होता. हे ठीक आहे. पण मग फाटक आलं. मुलगी विचारते, मी राहू का? बाप मान वरखाली हलवतो आणि खाली अक्षरं येतात — ‘नाही.’

मी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं. मग त्या मुलाला फोन करून, सहज विचारल्यासारखं, विचारलं. तो हसला. म्हणाला, मावशी, तिकडे उलटं असतं, ‘नाही’ला मान वरखाली करतात. तुम्हाला तर माहीतच असेल! हो तर, मी म्हटलं, माहीतच आहे.

म्हणजे मुलगी सामान आणायला गेलीच नव्हती. तिला घालवून दिलं होतं. आणि त्या घालवून देणाऱ्या बापाकडून शिकून आमचे आण्णा बसमध्ये बसले होते.

इथवर हसायला हरकत नाही. मीही हसले, एकटीच, रडू येईपर्यंत. खोटं बोलले आणि भलं झालं — इथे थांबलं असतं तर मी हा किस्सा लग्नाकार्यात सांगत फिरले असते. पण त्याच वर्षी आण्णांना अर्धांगाचा झटका आला. बरे झाले तसे शोभाकडेच राहायला आले, आणि एक दिवस त्यांचा फोन आला. जीभ जड झाली होती. “माले शोभासंगे तो पिक्चर देखना शे. एकदाव.”

डिस्क माझ्या कपाटात होती. साड्यांच्या खाली.

मी म्हटलं, शोधते आण्णा. दर महिन्याला त्यांचा फोन यायचा. दर महिन्याला मी शोधत असायचे. पुण्याला पत्र टाकलंय, दिल्लीला विचारलंय. शेवटी कंटाळून — हो, मीच कंटाळले — सांगितलं, की आण्णा, तिकडे बल्गेरियात फिल्मच्या कोठाराला आग लागली, सगळं जळालं. अख्ख्या देशाचे सिनेमे मी एका वाक्यात जाळले. मग आण्णांनी विचारलं, “माणूस तर कोणी नाही ना गेलं त्यात?”

मी म्हटलं, नाही आण्णा, रविवार होता.

त्यांच्यासाठी केलं, असं म्हणता आलं असतं. म्हाताऱ्याला शेवटी तो ‘नाही’ कशाला दाखवायचा? छान आहे, पण खरं नाही. आण्णा आणि शोभा त्या सिनेमाच्या पार पुढे गेले होते. ते बघून दोघं पोट धरून हसलेही असते कदाचित. मला भीती होती ती शोकेसमधल्या कात्रणाची. एक आजारी माणूस एक गोष्ट मागत होता, ती माझ्या साड्यांखाली होती, आणि मी दिली नाही. एवढंच आहे ते.

आण्णा गेले. दहाव्यानंतर मी देवळाली कॅम्पला शोभाला भेटायला गेले. डिस्क पर्समध्ये घेऊन गेले होते. सगळं सांगून टाकायचं असं बसमध्ये अगदी पक्कं केलं होतं, वाक्यंसुद्धा जुळवली होती. शोभानं चहा केला. म्हणाली, “ताई, आण्णा सारखे म्हणायचे, बाईनं लय शोधलं माझ्यासाठी.”

मी म्हटलं, हो गं, खूप शोधलं.

मग ती म्हणाली, “शेवटी तो बाप काय म्हणतो, ते तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय.”

मी कप खाली ठेवला. पर्स मांडीवर होती, चेन अर्धी उघडलेली. मी आवाज खाली आणला आणि तिला सांगितलं — बाप मान हलवतो, कडीचं म्हणतो. शोभा डोळे मिटून ऐकत होती. आणि मग, कोणी मागितलं नव्हतं, गरज नव्हती, तरी मी एक वाक्य वाढवलं. बाप म्हणतो, “इतकी वर्षं मीच बाहेर उभा होतो, पोरी.” ती ओक्साबोक्शी रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि तेव्हा माझ्या मनात काय होतं ते सांगते: हे वाक्य पहिल्यापेक्षा चांगलं जमलं.