जीप आली, चाकं कोरडीच

मित्रांनो, आज निलंग्याकडच्या एका खेड्यातून जुनी जीप घेतली. इंजिन नवं बांधलेलं, बॉडी अर्धीच रंगवलेली.

निघताना मालकाची बायको रिवाजाप्रमाणे चाकांवर पाणी घालायला तांब्या घेऊन आली. वाकली, तांब्यात बघितलं आणि तशीच उठली.

"घातलं म्हणून समजा, भाऊ. टँकर येऊन नऊ दिस झाले."

मी हसलो. ती हसली नाही.

औशाजवळ रेडिएटर तापला. तीन घरी पाणी मागितलं. तिन्ही घरांनी दार लावून घेतलं. गाडी निवेपर्यंत तासभर रस्त्यावर बसलो.

लातूरला घरी पोचलो तर आईनं तांब्या भरायला ड्रमचं झाकण काढलं. आत बघत बराच वेळ उभी राहिली. मग झाकण परत लावलं.

तुमच्याकडं नव्या गाडीच्या चाकांवर अजून पाणी घालतात का?