दुसरं माप

न्याय सर्वांना समान असतो. आमच्या शाळेच्या सभागृहात हे वाक्य भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. त्याच्यापुढे पंखा लावलाय, त्यामुळे खुर्चीत बसलेल्याला 'समान' दिसत नाही.

त्याच भिंतीखाली, नववी-दहावीच्या पोरांनी भरलेल्या सभागृहात, आमचे पर्यवेक्षक माझ्या खुर्चीशी वाकले. माईक हातातच होता.

"मॅडम, जरा बाहेर बसता का? तुमच्या देशाची चिठ्ठी आलीय."

माईक चालू होता. पोरं हसली.

वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, युद्ध आणि मानवता. आम्ही तीन परीक्षक. मुलांनी चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीवर देश आणि प्रश्न. रशियाची निघाली, अमेरिकेची निघाली, भारताची निघाली. प्रश्न एकच, 'युद्धाची कारणे सांगा'. मग एका मुलीने उचललेल्या इस्रायलच्या चिठ्ठीवर होतं, 'इस्रायलला माफ करावे का?' बाकीच्यांना कारणं. याला थेट निकाल.

"माझा देश?" मी म्हटलं. "सर, माझं गाव अलिबागजवळ. तुमचं खाडीपलीकडे."

"तसं नाही हो. पण तुम्ही निःपक्ष कशा राहणार?"

शेजारी भूगोलाचे सर बसले होते. त्यांचा सख्खा भाऊ फौजेत आहे. मघाशी भारताची चिठ्ठी आली तेव्हा त्यांनी डोळे पुसत पुसत गुण दिले होते. त्यांना कुणी उठवलं नव्हतं. आता ते पेनाचं टोपण न्याहाळत होते.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून संस्थेचे गुजराती उपाध्यक्ष ओरडले, "अरे, बेनला बसू द्या ने! बेन, तुमच्या लोकांनी बरोबर दाखवून दिलं हां. एकाच्या बदल्यात शंभर!"

टाळ्या पडल्या. पोरांच्या, आणि काही शिक्षकांच्यासुद्धा.

मी उठले. पर्यवेक्षकांच्या शब्दाने उठले नसते कदाचित. त्या टाळ्यांत बसवेना.

व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मी बेने इस्रायल, कोकणातली यहुदी. आमच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते, आमच्या विसाव्याच्या पवित्र वारी, शनिवारी, बंद असायचे, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. मी शनिवारी शाळेत असते. तो वाद माझा आणि देवाचा. सिल्वासात आल्यावर लोकांनी मला आधी ख्रिश्चन समजलं, नाताळात केक मागितला. मग पारशी समजलं. तिकडे युद्ध पेटलं आणि टोकरखाड्याच्या आमच्या कॉलनीतल्या प्रत्येकाला माझा धर्म कळला. तेव्हापासून कुणी चहाचा कप पुढे केला की मी त्यामागून येणाऱ्या प्रश्नाची वाट बघते. बहुतेकदा येतो. कधी शिवीसारखा, कधी शाबासकीसारखा. 'तुमचे लोक' हे शब्द मात्र दोन्हींत असतात.

बाबांनी लहानपणी एक नियम शिकवला होता. घरात दोन मापं ठेवायची नाहीत, घ्यायला मोठं आणि द्यायला लहान. खोटं माप वापरलं नाही, नुसतं ठेवलं, तरी पाप. आमच्या जुन्या धर्मपंडितांनी यावरही वाद घातला, आणि ठरवलं की खोटं माप मुताचं भांडं म्हणूनसुद्धा घरात ठेवू नये. का? तर तिन्हीसांजेला, उजेड कमी असताना, घरातलं कुणीतरी तेच उचलेल आणि त्याने मोजून देईल. मी तेव्हा हसले होते. बाबा हसले नव्हते.

आत तिन्हीसांज झालीच होती. इस्रायलचे दोष मोजायला पर्यवेक्षकांच्या हातात मोठं माप, उपाध्यक्षांच्या हातात लहान. आणि मी मुकाट्याने बाहेर.

मी परत आत गेले. खुर्चीत बसले.

"मॅडम, तमाशा नको," पर्यवेक्षक पुटपुटले. या वेळी माईक बाजूला धरून.

"तमाशा तुम्ही माईकवर केलात, सर. ज्याचा देश त्याने उठायचं, हा नियम असेल तर आधी भूगोलाचे सर उठतील. मग आपण सगळेच. निःपक्ष इथे कुणीच नाही. माझी मावशी तिकडे आहे, सायरन वाजला की जिन्याखाली बसते. म्हणूनच म्हणते, रशियाला जो प्रश्न दिलात तोच या मुलीला द्या."

मग उपाध्यक्षांकडे वळले. "आणि भाई, एकाच्या बदल्यात शंभर हे माप माझ्या घरातलं नाही. गाझातली मेलेली पोरं मी लहान मापाने मोजणार नाही. इस्रायलची पण नाही."

या वेळी टाळ्या नाहीत.

पर्यवेक्षकांनी प्रश्न बदलला. चिठ्ठी घेऊन मघापासून ताटकळलेली मुलगी बोलली. फार चांगलं नाही बोलली. मावशीच्या देशावर तिने बरेच दोष ठेवले, त्यातले काही खरे होते. रशियावर तसंच बेताचं बोललेल्या मुलाला मी जितके गुण दिले होते, तितकेच तिला दिले.

तेव्हापासून माझं ठरलंय. 'तुमचे लोक' म्हणून शिवी आली तर उठायचं नाही. शाबासकी आली तर घ्यायची नाही. कुठलाही देश मोजा, इस्रायलही मोजा, पण स्वतःचा ज्या मापाने मोजता त्याच मापाने. तेवढं जमत नसेल तर माझ्यासमोर मोजायला बसू नका. मी गप्प राहणार नाही.

परीक्षकांतून मला काढलं. पुढच्या स्पर्धेचा विषय जाहीर झालाय, 'प्लास्टिकचे दुष्परिणाम'. परीक्षक उपाध्यक्ष आहेत. अथालला त्यांचा प्लास्टिकच्या पिशव्यांचा कारखाना आहे.