पुसलेलं पत्र

आमचे हे लोकांचे अर्ज, पत्रं टाइप करून देतात. घरातलं मीठ संपलेलं ह्यांच्या लक्षात राहत नाही, पण लोकांची गुपितं पोटात अशी ठेवतात की मलाही सुगावा लागत नाही. पत्र छापून झालं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पुसायचं, हा त्यांचा शिरस्ता. म्हणून स्क्रीन कायम गिऱ्हाइकाकडे वळवलेला.

नवा कम्प्युटर सुरू करताना बरंच काही विचारत होता. तुमचं टायपिंग लक्षात ठेवू का, असंही. हे न वाचताच ‘मान्य’, ‘मान्य’ दाबत सुटले.

“अहो, वाचा तरी!” मी ओरडले.

“यंत्राला काय कळतंय?” म्हणाले.

परवा बेकरीवाली आली. नवऱ्याला न सांगता ती कायमची बहिणीकडे जाणार होती, हे मला नंतर कळलं. तिने बहिणीला पत्र लिहून घेतलं. ह्यांनी ते तिच्यासमोर पुसलं. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

आज तिचा नवरा बेकरीच्या परवान्याचा अर्ज करायला आला. सुट्टीचा वार लिहायचा होता. ह्यांनी ‘मंगळवारी बेकरी’ एवढंच टाइप केलं आणि पुढे आपोआप करडी अक्षरं उमटली: ‘उघडायच्या आत मी घर सोडते. ताई, ह्यांना कळू देऊ नकोस.’

बेकरीवाल्याने ते ओठ हलवत, सावकाश वाचलं.

ह्यांनी चटका बसल्यासारखे हात उचलले. कीबोर्डला कोणाचंच बोट लागलेलं नव्हतं, आणि स्क्रीनवर बहिणीचा पत्ता उमटत होता.