रंगखात्याची बादली

नंदू घाडी पांढऱ्याशिवाय दुसरा कपडा अंगाला लावत नाही. सदरा पांढरा, लेंगा पांढरा, रुमालसुद्धा पांढरा, आणि त्यावर बायकोने, शेवंतीने, जपून दिलेली नीळ. विक्रोळीच्या पार्कसाइटमध्ये लोक त्याला पुढारी म्हणून चिडवतात. एखादा नवखा खरंच रेशनकार्डाचं काम घेऊन दारात येतो, आणि नंदू तेही करून देतो.

पांढऱ्याचं कारण मात्र वेगळं आहे. भांडुपला कापडाच्या रंगांचा एक कारखाना होता. आता तिथं टॉवर उभा आहे. त्या कारखान्यात नंदूने सव्वीस वर्षं गोणीतली पावडर टाकीत ओतली. मास्क म्हणजे नाकावर बांधलेला रुमाल. नखं लाल, कानाच्या पाळ्या निळ्या, उशीचा अभ्रा हिरवा. होळीला चाळीतली पोरं त्याच्या वाटेला जात नसत. याला आणखी काय रंगवायचं?

पाळी सुटली की रंगखात्यातली माणसं मुतारीत उभी राहायची आणि दिवसभर कोणता माल काढला ते तिथंच दिसायचं. लाल माल असला की लघवी लाल. नव्या माणसाची घाबरगुंडी उडाली की मुकादम पाठीवर थाप मारून म्हणायचा, "रंग उतरतोय रे. उतरतोय तोवर बरं." वर कंपनीकडून रोज गुळाचा खडा मिळायचा. गुळाने आतलं सगळं धुऊन निघतं यावर मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत कुणालाच शंका नव्हती.

त्यामुळे सदुसष्टाव्या वर्षी लघवी लाल झाली तेव्हा नंदू घाबरला नाही. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. अजून उरलाय वाटतं थोडा, असं म्हणून तो गूळ खायला लागला. आठ दिवसांत लाली गेली. पुन्हा आली, पुन्हा गूळ, पुन्हा गेली. असे चार महिने गेले. शहाणा माणूस, पण नको तिथं अनुभव कामाला लावला.

पकडलं ते शेवंतीने. लेंग्यावर डाग दिसला, तो तिने पाण्यात चोळला आणि तशीच ओल्या हातांनी बाहेर आली.

"ह्यां काय?"

"रंग उतरता गो. जुनो."

"सव्वीस वर्सां तुमचो रंग धुतलंय मी. थंड पाण्यान कधी गेलो नाय. ह्यो डाग गेलो." ती थांबली. "ह्यां रगात आसा. उठा, डॉक्टराकडे जावचा आसा."

नंदू उठला. तिच्यापुढे त्याचं कधी चाललंय?

हॉस्पिटलात डॉक्टर दीप्तीने विचारलं, "काका, काम काय करायचात?" हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नंदू खुलला. मुतारी, मुकादम, गूळ, सगळं रंगवून सांगितलं. लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं.

"त्यातल्या काही पावडरी मूत्राशयाला बाधतात, काका. आणि कळतं ते वीस-तीस वर्षांनी. गुळाने काही होत नाही."

दुर्बिणीतून पाहिलं तर आत गाठ होती, कॅन्सरचीच, पण खोल गेलेली नव्हती. ती दुर्बिणीतूनच काढली. आता दर तीन महिन्यांनी तपासणी. नंदू ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा विनोद करत होता.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरने सहज विचारलं, "कारखान्याचे कपडे कोण धुवायचं?"

"मी," शेवंती म्हणाली. "वेगळ्या बादलीत. पोरांच्या कपड्यांना रंग लागायचा ना."

"हाताने?"

शेवंतीने कोपरापर्यंत बोट फिरवून दाखवलं. "इथवर लाल व्हायचे."

डॉक्टरने दुसरा कागद पुढे ओढला. "काकू, तुमचीपण एकदा तपासणी करून घेऊ. बहुतेक काही नसेल."

नंदूचा विनोद तिथं संपला. स्वतःच्या लघवीतलं रक्त चार महिने गुळावर काढणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधी पायरीवर बसलेला होता, शेवंतीच्या लघवीची बाटली रुमालात गुंडाळून. रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस तो जेवला नाही म्हटलं तरी चालेल. आपण घरी काय आणत होतो, हे एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

रिपोर्ट स्वच्छ आला. नंदूने तो तीनदा वाचला, मग खात्यातल्या उरलेल्या चौघांना फोन लावले. रंग उतरत नाही रे, तपासून घे, आणि वहिनींनापण ने.

घरी येऊन त्याने मोरीतली ती जुनी बादली काढली. तिची कड अजून लालसर होती. ती त्याने भंगारात दिली, नवी आणली आणि स्वतःचे कपडे स्वतः धुवायला बसला. शेवंती दारात उभी राहून बघत होती.

"नीळ घालतंय मी, नायतर पिवळे पडतले."

"पडूंदेत," नंदू म्हणाला. "आता तुझ्या हाताक कसलोच रंग लावचो नाय."

हल्ली पार्कसाइटच्या पुढाऱ्याचा सदरा जरा पिवळट दिसतो.