गाणं थांबवायचं कुणी

व्हर्लन टॅकेट बास, म्हणजे माणसाएवढं उभं तंतुवाद्य, वाजवायचा, आणि बास वाजवणाऱ्याकडे सहसा कुणी बघत नाही, हे त्याला फार सोयीचं होतं. आठवडाभर कापसाच्या जिनिंग कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायची आणि शनिवारी डॉयल हचन्सच्या मागे उभं राहायचं, यात त्याची उमर गेली. दोनदा लग्न केलं, एकही टिकलं नाही. डॉयल मात्र टिकला. डॉयल देखणा, बोलका, वेळ पडली तर थापाही मारणारा. हायवेवरच्या कुठल्याही दारूच्या अड्ड्यात माइक हातात आला की सांगायचा, "व्हर्लनला मी का ठेवलाय म्हणता? एवढं मोठं वाद्य उचलायला गडी नको?" लोक हसायचे. व्हर्लनही हसायचा, कारण खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं. त्यांच्याकडे ढोलवाला कधी नव्हताच. व्हर्लन जाड तार ओढून सोडायचा, ती लाकडावर फाडकन आपटायची आणि त्या फटक्यांवर अख्खं गाणं पळायचं.

गाणं संपवायचं मात्र डॉयलनं. त्यानं गिटारचं टोक खाली झुकवलं की सगळ्यांनी एकदम थांबायचं. त्याआधी थांबणं म्हणजे चारचौघांत गाणाऱ्याच्या मुस्काटात मारण्यासारखंच. अमेरिकेतल्या आर्कान्सॉत त्या काळच्या कुठल्याही वाजवणाऱ्याला विचारा, तो हेच सांगेल.

गेली दोन वर्षं डॉयलच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. धुतलेली गाडी तो जेवून उठला की पुन्हा धुवायला घ्यायचा. मेलेल्या भावासाठी ताट वाढायला सांगायचा. अशात नदीकाठच्या जत्रेवाल्यांचा फोन आला. जुन्या मंडळींची एक दुपार ठेवतोय, या म्हणाले.

"नाही जायचं," डॉयलची बायको लॉरीन म्हणाली. "लोकांनी त्याला पाहिलंय तसाच राहू दे त्यांच्या डोळ्यांत."

"स्टेजवर तो काही विसरत नाही, लॉरीन. गाणी हाडात भिनलीत त्याच्या."

"आणि विसरला तर?"

"मी आहे ना मागे."

"तू जन्मभर मागेच आहेस," ती म्हणाली. पण तिनं डॉयलचा पांढरा कोट इस्त्रीला काढला. मरण्याआधी एकदा तरी पुन्हा वाजवावं, असं व्हर्लनच्याच मनात किती होतं, ते त्यानं तिला सांगितलं नाही.

जत्रेत तळलेल्या कॅटफिशचा वास सुटला होता. म्हातारी मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून झाडाखाली बसली होती आणि पुढे कुठून कुठून आलेली तरणी माणसं, आपापल्या आजोबांच्या तरुणपणीसारखे केस वळवून, नाचायला उभी होती. पहिली दोन गाणी अशी झाली की व्हर्लनला भरून आलं. डॉयलनं वाद्य उचलणाऱ्या गड्याचा विनोदही केला. तिसरं गाणं धावतं होतं. दोन कडवी झाली, धृपद झालं, आता टोक झुकणार म्हणून व्हर्लननं हात सैल केला, तर डॉयलनं पहिलं कडवं पुन्हा धरलं.

लोकांना वाटलं, बुवा रंगात आलेत. टाळ्या वाढल्या. ते कडवं झालं, पुढचं झालं, आणि डॉयल परत पहिल्यावर आला. शब्द एकही चुकत नव्हता. नाचणारे दमून बाजूला झाले. भाड्यानं घेतलेला गिटारवाला व्हर्लनकडे बघायला लागला. स्टेजच्या पायऱ्यांपाशी लॉरीन तोंडावर हात ठेवून उभी होती. तार लागू नये म्हणून व्हर्लननं बोटांना गुंडाळलेली चिकटपट्टी कधीच फाटली होती. शेवटी त्यानं जे जन्मात केलं नव्हतं ते केलं. तार धरून ठेवली. गाणं जागच्या जागी पडलं.

लोकांनी सुटका झाल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. डॉयल वळला.

"का थांबलास?"

"झालं गाणं, डॉयल."

"मी कुठं संपवलं?"

डॉयलचंच बरोबर होतं. डॉयल माइककडे वळला, हसून म्हणाला, "आता ज्याच्यासाठी आलात ते गाणं," आणि मघाचंच गाणं पुन्हा सुरू केलं. भाड्याच्या गिटारवाल्यानं गळ्यातला गिटारचा पट्टा काढला नि तो खाली उतरला. व्हर्लनलाही उतरता आलं असतं. पण भरल्या मैदानासमोर त्या माणसाला एकटं कसं सोडायचं? त्यानं फटका दिला.

आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. पुढच्या रांगेत फोन वर गेले. लॉरीनला भीती होती ती नेमकी हीच. आवाज सांभाळणाऱ्याला दया आली असावी, त्यानं माइक बंद केला. डॉयलला पत्ता नव्हता. त्याचा उघडा, चिरका आवाज आता स्टेजपुरता उरला.

लॉरीन वर आली. इतक्या वर्षांत ती कधी स्टेजवर चढली नव्हती. ती दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिनं गिटारच्या तारांवर तळवा ठेवला. "चल, घरी जाऊ," ती हळूच म्हणाली.

डॉयलनं टोपी काढली. बाईमाणूस समोर आलं की टोपी काढायची, हे आईनं लावलेलं वळण होतं. आजवर तो सगळं विसरला, पण लॉरीनला विसरला नव्हता. सकाळी कॉलरचं बटण लावताना त्यानं तिची थट्टा केली होती.

"बाई, जरा बाजूला होता का?" तो अदबीनं म्हणाला. "मला व्हर्लन दिसत नाहीये."

लॉरीननं मागे वळून व्हर्लनकडे पाहिलं. ती चिडली असती तर त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं. पण तिला फक्त पुढे काय करायचं ते विचारायचं होतं, आणि ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तिनं तारांवरचा हात उचलला आणि ती बाजूला झाली. डॉयलला व्हर्लन दिसला, तसा तो खुशीत हसला. व्हर्लननं तार ओढली.