चिंचेने घासलेली तलवार

माझ्या सासूबाई फिलिपिन्सच्या. एकविसाव्या वर्षी नर्स म्हणून इथे जर्मनीत, कोलोनला आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. निघताना वडिलांनी त्यांच्या ट्रंकेत नागमोडी पात्याची एक तलवार ठेवली होती. तिला क्रिस म्हणतात. "माझ्या आजोबांची आहे," ते म्हणाले होते. भावंडं मात्र आजतागायत चिडवतात: घरातली खरी वस्तू कुणी परदेशी जाणाऱ्या मुलीला देतं का? बाजारातली नक्कल देऊन तुझी समजूत काढली. सासूबाई ते हसण्यावारी न्यायच्या, पण त्यांना ते लागायचं.

पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी एकदाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. जुनी शस्त्रं पारखणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाला आणि आदल्या सकाळी त्या तलवार घेऊन आमच्याकडे राहायला आल्या.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी. एरवी आमच्या शस्त्रपूजेला सुरी, स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप. आयती तलवार घरात आल्यावर मला कसलं राहवतंय! सासूबाई जरा पडल्या होत्या. आमच्याकडे गंजलेली विळी घासतात तसं मी ते काळवंडलेलं पातं चिंचेच्या कोळाने माखलं आणि पुऱ्या तळायला गेले.

धुतलं तेव्हा काळा थर गेला होता आणि पात्यावर वेड्यावाकड्या रेषा उमटल्या होत्या, लाकडी पाटावर असतात तशा. मी तरीही हळदकुंकू वाहिलं. सासूबाई उठून आल्या आणि बघतच राहिल्या.

"अगं, त्या काळ्या थरावरूनच तर वय कळतं," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा पुरावा मी सिंकमध्ये वाहून घालवला होता. त्या दिवशी मला पुरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी काही विचारायच्या आतच मी गुन्हा कबूल केला. ते भिंग घेऊन वाकले. मुठीजवळच्या रुंद भागावर बोट ठेवून म्हणाले, "नकलेत इथे नुसती रेघ कोरतात. हा तुकडा वेगळा घडवून बसवलाय." मग त्या रेषांकडे वळले. "थरावर थर ठोकून केलेलं पातं आहे. हे थर दिसावेत म्हणून तिकडे लिंबू चोळतात. चिंच मात्र पहिल्यांदाच ऐकतोय. पुन्हा करू नका."

"आल्झो, म्हणजे जुनी आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर. तुमच्या वडिलांच्या जन्माआधीची."

मला नाचावंसं वाटलं. आता भावंडांना फोन करून चांगली जिरवतील, असं मी धरून चालले होते. पण गाडीत बसल्यावर त्यांनी फोन काढलाच नाही.

"मी भावंडांचंच खरं मानलं होतं गं," त्या म्हणाल्या. "बाबांच्या शेवटच्या दुखण्यात मला रजा मिळत होती. नकलेवर बोळवण केलेल्या मुलीने कशाला जायचं, असं वाटलं. गेले नाही."

मी गाडी कडेला घेतली आणि त्यांना जवळ घेतलं.